ठाण्यातली शिलाई मशीन

रविवार, औंढा.

इनायतचाचा शुक्रवारी गेले. त्यांची मशीन अजून पोलीस ठाण्यात आहे.

कित्येक महिने या ब्लॉगवर काही लिहिलं नाही, माफ करा. आज लिहितोय, कारण यात माझीही चूक आहे. ती मीच सांगितलेली बरी.

मंदिराच्या रस्त्यावर चाचांचं टेलरिंगचं दुकान होतं. माझ्या कॉलेजच्या शर्टापासून मुलीच्या युनिफॉर्मपर्यंत सगळं त्यांनीच शिवलं.

चार वर्षांपूर्वी दुकान फुटलं, मशीन गेली. आठवड्यात चोर सापडला, मशीनही सापडली. जप्तीच्या पंचनाम्यावर पंच म्हणून माझी सही आहे.

मशीनला सील लागलं. ती ठाण्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेली.

चोर पंधरा दिवसांत जामिनावर बाहेर.

मशीन कधी मिळेल, असं चाचांनी मला विचारलं. मी सांगितलं, "चाचा, तो पुरावा आहे. निकालाशिवाय मिळत नाही."

कुणालाही न विचारता सांगितलं. पदवी आहे, शिक्षक आहे, एवढ्याच जोरावर.

ते हसले. "सर, चोराला जमानत भेटली. माझ्या मशीनला काहून न्हाई?"

मीही हसलो.

मग ते दुसऱ्याच्या दुकानात काज-बटण करायला बसले. कोट शिवणारा माणूस.

प्रत्येक तारखेला कोर्टात जाण्याआधी ते ठाण्यात जायचे. खिशात तेलाची कुपी. जुने जमादार तेल घालू द्यायचे. नव्यांनी अडवलं, मुद्देमालाला हात लावायचा नाही म्हणाले.

"माझीच हाय न् साहेब."

"तुमची होती. आता केसची आहे."

तरी कुपी खिशात असायचीच.

कोर्टात कधी आरोपी नाही, कधी वकील नाही. पुढची तारीख. एकदा चाचा स्वतःच उठून बोलायला लागले, तर सरकारी वकिलांनी हातानंच बसायची खूण केली. केस सरकार विरुद्ध आरोपी. चाचा साक्षीदार क्रमांक एक. त्यांचा पुकारा शेवटपर्यंत झाला नाही.

बाहेर येऊन म्हणाले, "दुकान माझं फुटलं, अन् मलाच बसा म्हणून राहिले."

परवा दफन झाल्यावर एक जुना विद्यार्थी भेटला. आता वकील आहे. त्यानं सहज विचारलं, "सर, सुपूर्दनाम्याचा अर्ज केला नव्हता का?"

कोर्ट मागेल तेव्हा वस्तू हजर करीन, असं लिहून द्यायचं आणि घरी न्यायची. दीड पानाचा अर्ज.

म्हणजे मशीनलाही जामीन असतो. चाचांनी चेष्टेत विचारलेलं कायद्यात आधीपासून होतं.

चार वर्षांत पोलिसांनी सांगितलं नाही. सरकारी वकिलांनी सांगितलं नाही. ज्याचं चोरीला गेलं त्याला काही सांगावं, हे कुणाचंच काम नाही. संताप होतो.

पण ते नुसते गप्प राहिले. चुकीचं मी सांगितलं.

चाचांची मुलगी नसीम, तीही शिवते. काल तिला सगळं सांगितलं. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, अब्बांच्या सदऱ्यात कुपी निघाली. भरलेली.

चाचा, तुमचं बराबर होतं. अल्लाह तुम्हाला त्याच्या रहमतीत ठेवो. मला माफ करा.

उद्या: अकरा वाजता नसीमला घेऊन कोर्टात, सुपूर्दनाम्याचा अर्ज.