आगबोटीचा ओटा आणि आईचा गुडघा

आईचा उजवा गुडघा रुसला त्या वर्षी मी आगबोटीवरून दोन महिन्यांच्या सुट्टीत घरी आलो होतो. साठ सालाच्या आसपासची गोष्ट. आई चुलीपुढे पाटावर बसली, की तिला उठायला इतका वेळ लागे की तेवढ्यात भाताची पेज होई आणि पेजेची खळ. वैद्यांनी सांगितलं, खाली बसणं बंद. आमच्याकडे सगळं रांधप जमिनीवर, म्हणजे स्वयंपाकच बंद. जिच्या बांगड्याच्या तिखल्याचा वास आला की खाडीपलीकडची माणसं होडी घालून जेवायला येत (दोघं तरी येत, मी स्वतः पाहिलीत), तिनं आता पडवीत बसून सुनेनं वाढलेलं खायचं. वैद्य गेल्यावर आईनं घासलेलीच भांडी पुन्हा घासली, तीही खाली बसून.

तेव्हा मी ठरवलं, आई बदलत नाही, तर स्वयंपाकघर बदलू.

गावात सल्ल्याला तोटा नव्हता. मुंबईचे चाकरमानी म्हणाले, सिमेंटचा ओटा घाल आणि वर रॉकेलचा स्टोव्ह ठेव. आईनं स्टोव्हचा वास घेतला आणि म्हणाली, ह्यावरची आमटी कंदिलात घालावी. जुनी माणसं म्हणाली, आहे ते मोडू नको, पाट तेवढा उंच कर. उंच पाटावरून चुलीत वाकली असती, तर आईच्या गुडघ्याला कंबरेची सोबत झाली असती. मी सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेतलं, कारण माझं आधीच ठरलं होतं. आगबोटीच्या भटारखान्यात मी नऊ वर्षं काढली होती. तिथं एक माणूस शंभरांचं जेवण उभ्यानं करतो, तेसुद्धा पायाखालची जमीन पाळण्यासारखी झुलत असताना. एकदा तुफानात मी आमलेट उलटलं, ते शेजारून चाललेल्या बोटीच्या कप्तानाच्या बशीत पडलं. मीठ कमी आहे, अशी त्यानं हातानं खूण केली. अशा माणसाला ओटा कसा घालावा, हे कोण शिकवणार?

तोंडवलीचा गवंडी आणला. जांभ्या चिऱ्यांचा कमरेइतका ओटा, विजयदुर्गाच्या तटानं मान खाली घालावी इतका भक्कम. वर शेणामातीनं लिंपलेल्या तीन चुली, खाली लाकडांना जागा, आणि पुढच्या कडेनं लोखंडी नळीचा कठडा. कठडा कशाला, असं गवंड्यानं विचारलं. मी म्हटलं, लाट आली तर टोप घसरू नयेत म्हणून. आगबोटीवर असाच असतो. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा घराच्या चौथऱ्याकडे.

"ह्या घर खंयच्या बंदराक जाता?"

हा प्रश्न पुढं महिनाभर गावातल्या प्रत्येकानं मला विचारला.

पहिल्या दिवशी आईनं चुलींना हळदकुंकू वाहिलं आणि उभ्यानं भात घातला. मी दारात छाती काढून उभा. मग तिनं माशांची आमटी करायला घेतली, आणि माझ्या छातीतली हवा हळूहळू जायला लागली. नारळ किसायची विळी जमिनीवर होती. आई बसली, किसलं, उठली. वाटायचा पाटा जमिनीवर. बसली, वाटलं, उठली. वाटण थोडं जाड राहिलं, पुन्हा बसली. माझी बायको कोपऱ्यात बोटं मोजत होती. एका आमटीपायी अकरा वेळा उठबस झाली. पूर्वी सगळं हाताच्या अंतरावर असे. आई एकदा बसे आणि एकदाच उठे. मी तिची एक उठबस वाचवायला गेलो आणि दहा वाढवून बसलो.

आईनं घाम पुसला. "झिला, चूल वर नेलंस, ता बरा केलंस. पण नारळ खालीच ऱ्हवलो रे."

आगबोटीवर बटाटे शिजतात. नारळ मी जन्मभर खाल्ला होता, पण तो किसायला कोण कुठं बसतं, हे कधी पाहिलं नव्हतं. तेवढ्यात बायको बोलली. ओटा होईपर्यंत तिनं अवाक्षर काढलं नव्हतं, पण आता सरळ म्हणाली, "आता विळीक पण वर चढवा."

गवंडी परत आला. ओट्याला काटकोनात लागून गुडघ्याइतक्या उंचीची लांबट बैठक बांधली, तिच्यावर विळी ठेवली. पाटा उचलून ओट्यावर नेला. आई बैठकीच्या कडेला बसे, बरा पाय विळीच्या पाटावर, दुखरा खाली मोकळा सोडलेला. नारळ झाला की हात लांब करून कठडा धरी आणि पोरीसारखी उभी राही.

जाता जाता गवंड्यानं तिला विचारलं, चेष्टेनंच, की काकी, टोप काय घसरत नाहीत, हा कठडा काढून नेऊ का.

"हात लावू नको तेका," आई म्हणाली. "घर हलना नाय, पण मी हलतंय मा."

त्या ओट्यावर तिनं पुढं चौदा वर्षं रांधलं. पडवीत बसून जेवली ती फक्त सणाला, तीही आम्हाला वाढून झाल्यावर. आजूबाजूच्या सात गावांत तसले ओटे झाले, कठड्यासकट. कठडा कसा सुचला, असं कोणी विचारलं, तर मी सांगत असे, आईच्या गुडघ्यासाठी तो पहिल्यापासून माझ्या डोक्यात होता. आई हे ऐकत असली, की माझ्या ताटात बांगड्याचा शेपटीकडचा, नुसत्या काट्यांचा तुकडा पडे.