आगीत धूळ कशी राहील?

मी मूळची रोह्याची. वडील धाटावच्या एका कंपनीत शिफ्टला जायचे. नव्वदनंतरच्या वर्षांत मला पेणच्या शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी लागली आणि मी रामवाडीत खोली घेऊन राहिले. नवी होते. पुस्तकाबाहेरचं सांगायची भारी हौस.

एकदा नववीच्या वर्गात सांगितलं, "मोठा तारा शेवटी फुटतो. त्याच्या पोटात तयार झालेलं सगळं दूरवर उधळतं, त्याची धूळ होते. तशा धुळीतूनच पुढे नवे तारे, ग्रह होतात. तुमच्या हाताला लागलेली धूळसुद्धा मुळात ताऱ्यांचीच." पोरं आपापले हात उलटसुलट करून बघू लागली. माझं मलाच कौतुक वाटलं.

दोन दिवसांनी मधल्या सुट्टीत हमरापूरहून एका मुलीची आई आली. गणपतीच्या कारखान्यात ती प्लास्टरच्या मूर्ती घासायची. पदराच्या चुण्यांत पांढरी पूड होती.

"बाई, पोर सांगते, कारखान्यातली धूळ ताऱ्याची हाय. मंग मला खोकला कशापायी येतो?"

मी हसले. ती हसली नाही.

"धूळ कुठलीही असो, छातीत गेली की त्रास होणारच," मी म्हणाले.

"ह्ये पोरीला नाय सांगितलंत. ती म्हणते, आये, चांगली धूळ हाय, भिऊ नको."

तिने पुढे विचारलं, "आणि तारा फुटला म्हंजे आगच ना? आगीत धूळ कशी राहील? जळून नाय जायची?"

हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. "मला माहीत नाही," मी म्हणाले. "शोधून सांगते."

रविवारी रोह्याला गेले, तेव्हा वाचनालयात विज्ञानाच्या मासिकांचे जुने गठ्ठे उपसले. उत्तर सापडलं, तेही सोपं. तारा फुटतो तेव्हा धूळ नसतेच, नुसता तापलेला वायू. तो पसरत जातो, पसरता पसरता निवतो आणि वर्ष-दोन वर्षांनी त्यात बारीक कण धरू लागतात.

त्या आठवड्यात मी हमरापूरला गेले. कारखान्यात मूर्तींच्या रांगेत ती बसली होती, भुवयांपर्यंत पांढरी. मी सांगितलं ते तिने हात थांबवून ऐकलं. तिचं माहेर खाडीकाठचं, मिठागरातलं.

"म्हंजे मीठ धरतं तसं. आधी नुसतं पाणी, कण कुठं दिसत नाय. मंग आपसूक धरतो."

"व्हय," मी म्हणाले. तिथे पाणी आटतं, इथे वायू निवतो, एवढाच फरक.

मुलगीही तिथेच होती. तिला म्हणाले, "त्या दिवशी मी अर्धंच सांगितलं. धूळ कितीही जुनी असली तरी छातीला वाईटच. आईला तोंडाला फडकं बांधायला लाव."

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी तिच्या आईला डॉक्टरांकडे नेलं. घासकाम बंद करा, ते म्हणाले. मालकाशी बोलायला ती कचरत होती, म्हणून सोबत मी गेले. त्याने कुरकुर केली, पण तिला रंगकामावर घेतलं.

पुढच्या हंगामात गेले तेव्हा ती एका पितांबराला पिवळा रंग देत होती. खोकला उणावला होता, पुरता गेला नव्हता. मला बघून तिने शेजारचं पोतं पुढे सरकवलं.

"बसा बाई. पण तो तारा फुटतो कशानं, ते सांगा आता."

मी बसले आणि मला माहीत होतं तेवढं सांगितलं.