आमदारांची परेड

आमचे आमदार फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. सहकारी साखर कारखान्याचे चेअरमनही तेच. त्यामुळे दुष्काळात आष्टीकडच्या आमच्या गावाला टँकर आला तो कारखान्याचा, आणि त्याच्या मागोमाग जीपमधून साहेब आले.

टँकरचं पाणी आमच्याकडं कोरड्या विहिरीत सोडायचे. ते पडल्या पडल्या शेंदून घ्यावं लागायचं, नाहीतर तळाच्या भेगाच ते पिऊन टाकायच्या. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. म्हणून पाइप सुटताच आम्ही घागरी घेऊन धावलो, तर साहेब गरजले, "ही काय शिस्त हाय? सावधान!"

घागरी पायाशी ठेवून अख्खं गाव रांगेत उभं राहिलं. मीही राहिलो, कारण मला त्यांच्याच कारखान्यात चिकटायचं होतं. मग कर्तव्यावर भाषण सुरू झालं. सीमेवरचा जवान तहान विसरतो म्हणे. पाण्याचं खातं फौजेकडं दिलं तर देश आठ दिवसांत सरळ होईल म्हणे. मधूनमधून साहेब बाटलीतलं पाणी पीत होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी तर जरा जास्तच जोरात वाजवल्या.

शेवटी "विश्राम!" झालं, तेव्हा माझ्या चुलतीनं पोहरा विहिरीत सोडला. वर आला तो नुसता चिखल. तिनं तो पोहरा साहेबांच्या बुटांपाशी नेऊन ठेवला.

"सायेब, आमी समदे सावधान हुतो," ती म्हणाली. "इहिरीला सांगायचं तेवढं राह्यलं तुमचं."