जावईबापूंचं टायमिंग

कारंज्यात एका कापसाच्या व्यापाऱ्याची मोटार मी चालवायचो. विलायती, काळी, लढाईच्या आधीची गाडी. पुढून हँडल मारून सुरू करायची. तिचं सगळं मीच बघायचो आणि तिने मला कधी रस्त्यात दगा दिला नव्हता.

दिवाळीला मालकांची मुलगी आणि जावई पुण्याहून आले. हा गृहस्थ तिकडे कुठल्याशा कचेरीत सह्या करायचा. पण मोटारींवरचं एक जाडजूड पुस्तक त्याने वाचलं होतं, आणि आल्या दिवसापासून ते तो सगळ्यांना ऐकवत होता. जेवताना सासऱ्यांना, ओट्यावर मुनीमजींना, कुणीच नाही सापडलं तर मला. गाडीजवळ आला की नाकाला रुमाल लावायचा. पेट्रोलचा वास सोसत नसलेला असा मोटारतज्ज्ञ मी त्याआधी पाहिला नव्हता.

एका सकाळी मी बाजारातून आलो तर बॉनेट उघडं. डिस्ट्रिब्युटर, म्हणजे चारी प्लगांना वेळेवर ठिणगी वाटून देणारा डबा, काढून याने वर्तमानपत्रावर मांडला होता.

"साफ केला," तो म्हणाला. "तुम्ही लोक कधी करत नाही."

"काहाडाच्या आधी निशाण केलं होतं काय?"

"कसलं निशाण?"

वर त्याने हँडलने इंजिनही फिरवून पाहिलं होतं. आता डबा नेमका कुठे बसला होता, हे कळायला मार्ग नव्हता. तरी याने तो अंदाजाने भोकात घातला, बोल्ट आवळला आणि हात झटकले. मालक धोतर सावरत बाहेर आले. त्यांना कौतुक बघायचं होतं.

जावयाने हँडल धरलं, तेही मुठीत, अंगठा आवळून.

"जावईबापू, अंगठा बाहीर ठेवा. टायमिंग चुकलं असंन तं हँडल बॅक मारते."

"तू मला शिकवणार?"

मी एकदाच सांगितलं. दुसऱ्यांदा सांगावंसं वाटलं नाही, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

त्याने झटका दिला. ठिणगी फार लवकर पडली, इंजिन उलटं फिरलं आणि हँडल त्याच्या मनगटावर बसलं. तो असा ओरडला की समोरच्या दुकानातले लोक रस्त्यावर आले.

"टांगा बोलवा!" मालक ओरडले.

"टांग्यात मी बसणार नाही," जावई कण्हत म्हणाला. मनगट मोडलं, तरी ऐट शाबूत.

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. "पाह्य रे बाबा, किती टाइम लागते?"

तो खुर्चीवर विव्हळत बसला आणि मी कामाला लागलो. पहिल्या सिलिंडरचा प्लग काढला, भोकावर अंगठा ठेवला आणि मुनीमजींना हँडल हळूहळू फिरवायला सांगितलं. आतल्या हवेने अंगठा वर लोटला, तसं पुलीवरची खूण इंजिनावरच्या खुणेला जुळवून थांबवलं. मग डबा असा बसवला की आतला फिरता रोटर पहिल्या प्लगाच्या तारेकडे तोंड करून राहिला. डब्यातल्या पॉइंटला, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या जोडाला, छोटा बल्ब जोडला, डबा केसभर फिरवला. बल्ब लागला त्या जागी बोल्ट आवळला.

"जरा ॲडव्हान्स ठेव," खुर्चीवरून आवाज आला. म्हणजे ठिणगी आणखी लवकर!

मी वळूनसुद्धा पाहिलं नाही. प्लग लावला, डब्याची टोपी चढवली, अर्धं हँडल मारलं. गाडी शहाण्यासारखी सुरू झाली.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? तो म्हणाला, "गाडी मी दुरुस्त केली होती, पण या ड्रायव्हरने हँडल नीट अडकवलं नव्हतं." मी शेजारीच उभा होतो. मालकांनी मान खाली घातली. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "मले सगळं समजते रे. पण जावई हाय, काय करतं?"

काय करणार? लुगडी, फराळ, वर नवी पेटी देऊन त्याची बोळवण केली. मूर्तिजापूरच्या स्टेशनापर्यंत मीच सोडायला गेलो. गळ्यात हात अडकवून तो मागे बसला होता. वाटभर बोलला नाही. बायको बिचारी खिडकीतून बाहेर बघत होती.

उतरल्यावर मात्र त्याला राहवलं नाही. "पॉइंट साफ करत जा," म्हणाला.

मी सामान हमालाच्या डोक्यावर दिलं, बाईंना नमस्कार केला आणि आगगाडी यायच्या आत परत फिरलो.