मामा जागेपणी गेले

मामा जागेपणी गेले.

आमच्या आजोळी, तलवाड्याला, हे नवलच होतं. त्या घरातले पुरुष झोपेत जातात. पणजोबा तसेच गेले, आजोबा तसेच, थोरले मामाही. रात्री व्यवस्थित जेवून झोपले आणि सकाळी उठलेच नाहीत.

दर वेळी गाव म्हणालं, "पुण्यवान मानूस. कुनाला तरास न्हाई."

हे सगळे पुरुष घोरत. पलीकडच्या आळीला ऐकू जाईल असे. त्याचाही घरात अभिमान होता. घोरतोय म्हणजे गाढ झोपलाय, आणि गाढ झोपलाय म्हणजे मन निर्मळ आहे, अशी समजूत.

आज मामांना जाऊन वर्ष झालं. मी बीडला फिजिऑलॉजी शिकवतो, त्यामुळे आठवणही समजावून सांगितल्याशिवाय राहवत नाही. मित्रांनो, सवय आहे, सांभाळून घ्या.

मामांचं बीपी तीन गोळ्यांना जुमानत नव्हतं. मीठ कमी केलं, तंबाखू सोडली, तरी वरचा आकडा एकशे सत्तरच्या खाली येईना.

दिवसा मात्र बसल्या जागी डोळा लागायचा. ग्रामपंचायतीच्या बैठकीत एकदा मत द्यायला वर केलेला हात तसाच ठेवून झोपले. ठराव मंजूर झाला, पुढचाही झाला, मामांचा हात वरच!

बीडच्या डॉक्टरांनी विचारलं, "झोप कशी आहे?"

मामा म्हणाले, "एक नंबर."

मागून मामी हळूच म्हणाल्या, "झोपत्यात चांगलं. मदी मदी मरत्यात, तेवढंच."

डॉक्टरांचं पेन थांबलं.

"घोरता घोरता आवाज बंद पडतो, साहेब. श्वासच न्हाई. मी गदागदा हलवते, तवा हिसका देऊन परत चालू."

तपासणी झाली. छातीला पट्टा, बोटाला क्लिप लावून मामा घरीच झोपले. निदान आलं : स्लीप अ‍ॅप्निया, तीव्र स्वरूपाचा.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काहींची हवेची वाट तेव्हा मिटते. छाती ओढत राहते, पण हवा आत शिरत नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो. मेंदू धोक्याची घंटा वाजवतो, अ‍ॅड्रेनलिन उसळतं, रक्तवाहिन्या आवळतात, बीपी उडी मारतं. माणूस नकळत अर्धा जागा होतो आणि वाट उघडते.

पुन्हा झोप. पुन्हा तेच.

ज्या वेळेला आपण विश्रांती समजतो, त्या वेळी शरीर जिवाच्या आकांतानं धावत असतं! असं वर्षानुवर्षं चाललं की रक्तवाहिन्यांना दिवसाही सैल होणं जमत नाही.

यावर उपाय काय? हवा. ऑक्सिजनचं सिलिंडर नव्हे, आपल्याच खोलीतली साधी हवा. सीपॅप नावाचं छोटं मशीन ती नाकावरच्या मास्कमधून मंद दाबानं सोडत राहतं.

मी मामांना म्हणालो, "तुमचा शेतातला लपेटा पाइप मोटार बंद असली की चपटा पडतो ना? पाण्याचा दाब आला की गोल होतो. घशाचं तसंच."

"म्हंजे माझ्या नरड्यात मोटार बसवनार व्हय रं?"

हसले. मग गंभीर झाले.

"भाच्या, झोपेत जायचा आमच्या घरचा रिवाज हाय. बाप गेला, भाऊ गेला. इतकं सोपं मरण तू कावून काढून घ्यायलास?"

 उत्तर मामींनी दिलं.

"तुमी झोपेत जाताल हो. जागी मी असते, माझं काय? थोरल्या जाऊबाईंनी सकाळी उठवाया हात लावला, तं गार. अजून त्या कुनाला उठवाया जात न्हाईत."

मामा माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "आन तुझं मशीन."

मशीन आलं. वीज जाते म्हणून इन्व्हर्टरही आला. दुपारच्या झोपेत खिडकीतून कुणीतरी मास्क पाहिला आणि मामा व्हेंटिलेटरवर असल्याची बातमी गावभर झाली. उमापूरला दिलेली त्यांची लेक रडत एसटीतून उतरली, तर मामा ओट्यावर भाकरी कुस्करत बसलेले.

"कोन मेलं गं?"

सुरुवातीला नाक कोरडं पडायचं, मास्क टोचायचा, मामा चिडायचे. आणि एके दिवशी त्यांचा फोन आला. आवाज लहान मुलासारखा.

"भाच्या, सकाळ अशी असती व्हय रं?"

मी हे वर्गात किती वर्षं शिकवतोय. हे वाक्य कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

काही महिन्यांत बीपी प्रथमच एकशे चाळीसच्या आत आलं. डॉक्टरांनी एक गोळी कमी केली. शिक्षक म्हणून सांगणं भाग आहे : सगळ्यांचं इतकं उतरत नाही, बहुतेकांचं थोडंच उतरतं, ज्यांचं बीपी अनेक गोळ्यांना जुमानत नाही, त्यांच्यात फरक जास्त दिसतो. गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका. पण घरात कुणी घोरता घोरता थांबत असेल, तर त्याला पुण्यवान समजू नका. डॉक्टरांकडे न्या.

आजोबा, थोरले मामा कशानं गेले, हे आता कुणीच सांगू शकणार नाही.

मामांना त्यानंतर बरीच चांगली वर्षं मिळाली. मामींनाही. त्यांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली, तेव्हा मला कळलं की एका मशीनवर दोन माणसं झोपत होती.

गेल्या वर्षी मामांना न्यूमोनियानं गाठलं. बीडच्या दवाखान्यात, भर दुपारी, मामा पूर्ण शुद्धीवर होते. मामींचा हात धरून म्हणाले, "लई जागलीस माझ्यासाठी. आता झोपत जा."

थोड्या वेळानं गेले.

दहाव्याला एक बाई मामींजवळ बसून हळहळली, "झोपेत गेले असते तं सुटले असते गं, बापावानी."

मामींनी डोळे पुसले.

"न्हाई बाई. हे मला सांगून गेले."

मामा, तुमच्या भाच्याचा नमस्कार.