काटकोनाच्या दुकानाची कडी

आमच्या गल्लीत फोटोंना चौकटी करून देणारा एक माणूस होता. त्याचं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण सगळे त्याला काटकोन म्हणायचे. चौकटीचा कोपरा केसभर चुकला तरी तो ती मोडून पुन्हा करायचा, आणि ही खोड दुकानाबाहेरही सुटत नसे. कोणाच्याही घरी गेला की आधी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करणार, मग बसणार. माझ्याकडे एकदा त्याने वाढलेलं ताट सरळ केलं. गोल ताट सरळ कसं करतोस, असं विचारलं तर म्हणाला, वाट्या तिरक्या होत्या.

मी सुट्या भागांच्या एका कंपनीत हिशेब बघतो. पुढच्या वर्षी निवृत्त होईन. घर त्याच्या दुकानाच्या वरच, त्यामुळे कचेरीतून आलो की जिना चढण्याआधी त्याच्या बाकावर टेकायचो. तो काचा कापायचा, मी दिवसभराची कुरकुर सांगायचो. मध्येच तो काचेवरची पट्टी न हलवता म्हणायचा, "तुझा साहेब आणि माझा मेहुणा एकाच लाकडाचे. पॉलिश चांगलं, आतून पोकळ."

गल्लीतली दुकानं एकमेकांना खेटून आहेत. दारं जुनी, लाकडी, बाहेरून कडी असलेली. कोणाचं दार उघडं राहिलेलं दिसलं, आत अंधार असला, की जाणारा-येणारा ते ओढून कडी घालतो. कुत्रं शिरू नये, एवढंच. मालक विसरून गेला असेल, येईल आणि काढेल. याबद्दल कोणी कोणाला सांगत नाही, आभार मानत नाही. नाकावरची माशी हाकलावी तसं ते काम.

काटकोनाच्या कामात मात्र याची अडचण होती. दिवसा रस्त्याची धूळ उडते म्हणून व्हार्निश तो संध्याकाळी लावायचा. दिव्यावर किडे येतात आणि ओल्या लाकडाला चिकटतात, म्हणून पुढचा दिवा घालवून, दार ओढून मागच्या बिनखिडकीच्या खोलीत बसायचा. आपण आत आहोत हे कळावं म्हणून दाराबाहेर स्वतःचं स्टूल ठेवायचा. स्टूल बाहेर असलं की कडीला कोणी हात लावायचं नाही. हा शिरस्ता पोरांनासुद्धा ठाऊक होता.

गल्लीतल्या वायरमनला आम्ही शॉक म्हणतो. ती बिनखिडकीची खोली त्याला बघवत नसे. पंखा बसव, वास बाहेर जाऊ दे, म्हणून तो काटकोनाच्या मागे लागलेला. पंख्याने धूळ उडते, हे काटकोनाचं ठरलेलं उत्तर. त्या शनिवारी दुपारी दोघांची चांगलीच जुंपली. शेवटी शॉक भर गल्लीत ओरडला, "मर मग याच कोंडवाड्यात एक दिवस!"

रविवारी सकाळी वहिनी, म्हणजे काटकोनाची बायको, बहिणीकडचा मुक्काम आटोपून आली. नवरा घरी नव्हता, म्हणून दुकानाशी गेली. बाहेरची कडी तिनेच काढली. तो दाराशीच पडला होता. दाराच्या आतल्या अंगाला हातोडीचे घाव होते. समोरच्या छापखान्यात शनिवारी जादा काम होतं, यंत्रं उशिरापर्यंत धडधडत होती. ती ठकठक कोणाच्या कानावर पडणार? मी वर टीव्ही बघत होतो.

स्टूल आत सापडलं. त्याचा एक पाय डुगडुगायला लागला होता, तो सरस लावून पकडीत आवळून ठेवलेला होता. गुण्यात, म्हणजे काटकोनात.

डॉक्टरांनी सांगितलं, वास कोंडला, हृदयाला सोसवला नाही. पण कडी बाहेरून लागलेली होती, तेव्हा मेहुण्याने तक्रार दिली आणि पोलीस आले. कडी कोणी घातली, असं त्यांनी एकेकाला विचारलं. प्रत्येक जण नाही म्हणाला. मग कोणीतरी शनिवारचं भांडण सांगितलं. ते सांगणं खोटं नव्हतं, म्हणून तर जास्त वाईट. शॉकला चौकीवर रोज बोलावणं येऊ लागलं. त्याच्याकडून कोणी साधा दिवा बदलून घेईना. त्याची मुलगी गल्लीतून जायला लागली की बोलणं थांबायचं. तो मला एकदाच म्हणाला, "भाऊ, मी पंखा बसवून टाकायला हवा होता. त्याला न विचारता."

कडी घालणंही बंद झालं. संध्याकाळी उघडी दारं तशीच राहायची. लोक हात खिशात घालून जायचे.

थोड्या दिवसांनी वहिनी दुकान उघडून बसू लागली. लोकांच्या चौकटी परत द्यायच्या होत्या. येणाऱ्या प्रत्येकाला ती एकच विचारायची, कडी कोणी घातली? रागाने नाही. "मला फक्त कळू दे," म्हणायची. "माहीत नसलं की सगळ्यांचीच भीती वाटते हो." मी पूर्वीसारखा बाकावर बसायचो.

शिवणकाम करणाऱ्या मावशी रोज घरी जाताना तिच्यापाशी थांबायच्या. गल्लीत सगळ्यांत शेवटी त्यांचंच दुकान बंद होतं. काटकोन लहानपणी त्यांच्या यंत्राखाली खेळला होता. त्याचा पहिला शर्ट त्यांनी शिवलेला. एका संध्याकाळी शेजारचे घड्याळजी दिवा घालवून, दार उघडंच टाकून कोपऱ्यापर्यंत गेले होते. मावशी खांद्याला पिशवी लावून आल्या, वहिनीकडे बघत त्याच दारापाशी थांबल्या.

"ज्याने कडी घातली ना माझ्या लेकराच्या दाराला," त्या म्हणाल्या, "त्याचे हात झडतील बघ."

आणि बोलता बोलता त्यांनी घड्याळजींचं दार ओढलं आणि कडी घातली. मान वळली नाही, शब्द अडखळला नाही. मग डोळ्यांना पदर लावला.

घड्याळजी परत आले, कडी बघून दचकले. कोणी घातली, म्हणाले. मावशी म्हणाल्या, "मी नाही बाई. मी तर हिच्याशी बोलतेय." त्या खरंच सांगत होत्या. पोलिसांनाही त्यांनी खरंच सांगितलं होतं.

वहिनीने माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे. मावशी गेल्यावर ती बराच वेळ व्हार्निशच्या डब्याचं झाकण दाबत बसली. ते आधीच घट्ट बसलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने मला चौकीवर सोबत नेलं. स्टुलाचा शिरस्ता सांगितला, कडीचा सांगितला. शॉकचा यात हात नाही, हे तिने ठासून सांगितलं. साहेबांनी विचारलं, मग हात कोणाचा?

"आमच्या गल्लीचा," ती म्हणाली. "लिहा तसं."

त्यांनी तसं लिहिलं नाही, अपघात लिहिलं. परतताना ती आधी शॉकच्या घरी गेली. पंखा बसवून दे, म्हणाली. चौकटीचं काम आता ती करणार होती. त्याने त्याच दुपारी भिंत फोडली, आणि पंखा बसवताना तो लहान मुलासारखा रडत होता.

मावशी संध्याकाळी नेहमीसारख्या थांबल्या. पंखा बघितला, बरं केलंस म्हणाल्या. मग नेहमीचं सुरू झालं, "पण ज्याने कडी घातली, त्याचे हात..."

वहिनीने त्यांचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. बोटांवर सुई टोचल्याच्या खुणा होत्या, नखांत दोऱ्याचे तंतू.

"पुरे, मावशी," ती म्हणाली. "त्या हातांना काही बोलू नका."

"तुझं मन मोठं आहे गं," मावशी म्हणाल्या आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकून रडल्या. वहिनीने हात सोडले नाहीत. मी उठलो, सरस वाळलेलं ते स्टूल आतून आणलं आणि दाराबाहेर ठेवलं.