माझ्यासाठी थांबू नका

बाबांचे डोळे आम्ही जाळले.

ते त्यांनी दान करायचे ठरवले होते. त्यांना जाऊन आज दोन वर्षं झाली.

फॉर्म मीच भरला होता. तात्यापाऱ्यात आमच्या घराजवळ, गणपती मंडळाच्या हॉलमध्ये नेत्रदानाचा कॅम्प होता. बाबांनी टेबलामागच्या मुलीला विचारलं, "चष्मा बी द्या लागते का सोबत?"

ती हसली नाही. आमचं शहर हिंदी बोलणारं, मराठी कळलं नसावं.

आई सोबत होती. घरी आल्यावर म्हणाली, "काहून असलं अभद्र करून राहिले तुम्ही? पुढच्या जन्मी आंधळे याल."

"मंग तू आहेस ना हात धराले."

आई चहा ठेवायला उठून गेली.

बाबा गुढियारीच्या बाजूला रेल्वेच्या माल गोदामात क्लार्क होते. तिथे बिसाहू नावाचा हमाल होता. त्याचा एक डोळा लहानपणीच गेलेला. दुसऱ्यात धानाचं कुसळ गेलं, जखम चिघळली, बुबुळ पांढरं पडलं. कुणाचं तरी बुबुळ मिळेपर्यंत तो थांबला. दोन वर्षं. बाबा त्याला हात धरून चहाच्या टपरीपर्यंत न्यायचे.

मग शहरात कोणीतरी वारलं, आणि त्यांच्या घरच्यांनी वेळेवर फोन केला.

पट्टी निघाल्यावर बिसाहू गोदामात आला. बाबांकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "बाबू, तैं तो बुढ़ा गे हस."

बाबा जेवताना हे सांगायचे. "दोन वर्षांनी पाहिलं पोट्ट्यानं, अन् पहिलं काय म्हणावं, तर म्हातारा झाला!"

डोळे द्यायला त्यांना याहून मोठं कारण लागलं नाही.

मे महिन्यात, सकाळी सातला, खुर्चीत पेपर वाचता वाचता बाबा गेले. मी तेव्हा नागपूरला नोकरीला होते. संजूचा, माझ्या धाकट्या भावाचा, फोन आला.

"ताई, बाबा गेले."

मी एकच वाक्य बोलले. "मी येईपर्यंत थांबा."

आपल्याकडे सगळे हेच म्हणतात. लेक आल्याशिवाय उचलत नाहीत. दुपारी शेजारचे म्हणू लागले, ऊन फार आहे, आता न्यायला हवं. संजू हटला नाही. "दीदी आ रही है," एवढंच सांगत राहिला.

गाडीत मला बाबांचं सगळं आठवलं. फॉर्म आठवला नाही.

तीन वाजता पोचले. कपाटावर त्यांचा चष्मा घडी करून ठेवलेला दिसला, तेव्हा आठवला.

आय बँकेत फोन लावला.

"कितने घंटे हुए, दीदी?"

"आठ."

तिकडचा माणूस म्हणाला, "छह घंटे के अंदर लेना होता है. पंखा चालू है क्या?"

मी वर पाहिलं. पंखा पाचवर होता. बाबांना उकडू नये म्हणून आईनं लावला होता.

"अगली बार पहले हमें फोन कीजिए," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता.

घरी सगळे माझी वाट पाहत होते. याच शहरात एखादा बिसाहूही वाट पाहत होता.

घरच्यांकडे मी पोचले.

म्हणून हे लिहिते आहे. रडून झालं आहे.

घरी कोणी गेलं तर पंखा बंद करा, वाऱ्यानं डोळे सुकतात. पापण्या मिटा, वर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या. पहिला फोन आय बँकेला, मग नातेवाइकांना. आय बँकेचे लोक घरी येतात, थोड्या वेळाचं काम असतं, चेहरा बिघडत नाही. अंत्यदर्शन होतं. चष्मा होता, मोतीबिंदू काढला होता, शुगर होती, असलं आपणच ठरवून मागे फिरू नका. चालेल की नाही, ते त्यांना ठरवू द्या.

किडनी, लिव्हर, हृदय यांचं वेगळं. तिथे माणूस आयसीयूत मशीनवर असतो. डॉक्टर सांगतात, ब्रेन डेड. छाती वरखाली होत असते आणि तेव्हाच घरच्यांना विचारतात. तुमचं अवयवदानाचं कार्ड पाकिटात असलं तरी विचारतात. त्या वेळी तुमच्या वतीनं तोच बोलू शकतो, ज्याला तुम्ही आधी स्पष्ट सांगितलेलं आहे.

तर आज जेवताना सांगा. अभद्र वाटेल. वाटू द्या.

मागच्या आठवड्यात आईनं मला स्वयंपाकघरात बोलावलं. गॅसच्या वरच्या टाइलवर आय बँकेचा नंबर चिकटवला होता. संजूकडून मोठ्या अक्षरात लिहून घेतला होता.

"माहा फॉर्म भर."

मी भरला. तिनं सही केली.

"अन् ऐक. मी गेली तर तुह्यासाठी थांबणार नाहीत. संजूले सांगून ठेवलं. आधी ते डोळेवाले येतीन. तू गाडीत असशील तर असशील. चालन ना?"

मी टाइलवरचा नंबर एकदा वाचला. मग हो म्हटलं.

"आणि पुढच्या जन्मी?" मी विचारलं.

आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "यांचे डोळे तर राहूनच गेले ना द्यायचे. ते धरतीन हात."

बाबा, तुमच्या वेळी आम्ही थांबलो.

आता थांबणार नाही.

नमस्कार.